‘त्याच्यासारखं काहीच नाही’: तौहीद आणि सिफातचे वाद कसे वाचावेत

इस्लामी कलाम, म्हणजे श्रद्धेची तर्काच्या अंगाने मांडणी करणारं शास्त्र, वाचायला घेतलं की पहिल्या चार पानांतच नावांचा भडिमार होतो. जहमिया, मुअतझिला, अशअरी, मातुरीदी, हंबली, कर्रामिया. ही सगळी विचारपंथांची नावं, पुढे एकेक करून भेटतील. त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत असतो की तुझी तौहीद, म्हणजे ईश्वराच्या एकपणावरची श्रद्धा, बिघडली आहे. बाहेरून बघणारा चक्रावतो. अल्लाह एकच आहे यावर सगळ्यांचं एकमत, मग हजार-बाराशे वर्षं भांडण कशावरून?

भांडण आहे ते त्या ‘एक’चा अर्थ काय यावरून. ज्याला कुराण जाणणारा, ऐकणारा, पाहणारा, बोलणारा म्हणतं, त्याचं जाणणं-बोलणं त्याच्या एकपणात बसवायचं कसं? कोण बरोबर याचा निकाल मी इथे लावणार नाही. वाद वाचायचा कसा एवढंच सांगतो. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठासून सांगायला हवी. या वादात तौहीदचा विरोधक कोणीच नाही. प्रत्येक पक्ष तिलाच वाचवायला निघाला आहे, फक्त प्रत्येकाला धोका वेगळ्या दिशेने येताना दिसतो. म्हणून कुठलंही मत समोर आलं की ‘हे खरं का?’ याच्या आधी ‘हा माणूस कशाला घाबरून असं बोलतोय?’ असं विचारा.

पहिली पायरी: आयती आधी, पंथ नंतर

बहुतेक जण पंथांच्या इतिहासापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. उलट करा. एका पानावर काही आयती, म्हणजे कुराणातली वचनं, लिहून घ्या, कारण पुढची सगळी झटापट त्यांच्याभोवतीच आहे.

पहिली 112वी सूरा, म्हणजे अध्याय, अल-इख्लास. अवघ्या चार आयती: तो अल्लाह एक आहे, सगळे ज्याच्याकडे धाव घेतात आणि ज्याला कोणाची गरज नाही असा तो, त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी दिला नाही, त्याच्या तोडीचं कोणी नाही. मग 42:11 (आधी सूरेचा आकडा, मग आयतीचा) लिहा: ‘त्याच्यासारखं काहीच नाही, आणि तो ऐकणारा, पाहणारा आहे.’ हिच्याखाली रेघ मारून ठेवा. पूर्वार्धात सगळी तुलना तोडून टाकली आहे आणि उत्तरार्धात लगेच माणसालाही लागू पडणारे दोन शब्द वापरले आहेत. कोणी पूर्वार्धावर जोर दिला आणि कोणी उत्तरार्धावर, एवढं पाहिलं तरी पुढचे पंथ आपोआप वेगळे होत जातात.

आता अवघड आयती. 20:5 मध्ये रहमानने, म्हणजे कृपाळू अल्लाहने, अर्शवर, म्हणजे सिंहासनावर, ‘इस्तिवा’ (शब्दशः, वर स्थिरावणं) केला असं येतं. 38:75 मध्ये अल्लाह इब्लीसला, म्हणजे सैतानाला, विचारतो की मी माझ्या दोन हातांनी ज्याला घडवलं त्याला सजदा करायला तुला कोणी अडवलं? 48:10 मध्ये निष्ठेची शपथ घेणाऱ्यांच्या हातांवर अल्लाहचा हात आहे. 75:22-23 सांगते की त्या दिवशी काही चेहरे आपल्या रबकडे, म्हणजे पालनकर्त्याकडे, पाहत असतील. तर 6:103 म्हणते की नजरा त्याला गाठू शकत नाहीत.

शेवटची 3:7. काही आयती ‘मुहकम’, म्हणजे पक्क्या अर्थाच्या, आणि काही ‘मुतशाबिह’, म्हणजे अनेक अर्थांना वाव देणाऱ्या, असं ती सांगते. पुढे वाक्य येतं: त्यांचा खरा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही आणि ज्ञानात मुरलेले म्हणतात, आमचा यावर विश्वास आहे. ‘अल्लाहशिवाय’नंतर थांबलात तर अर्थ लावायची दारं बंद होतात. न थांबता ‘आणि ज्ञानात मुरलेले’ हे त्यालाच जोडून वाचलंत तर विद्वानांना अर्थ लावायचा परवाना मिळतो. दोन्ही वाचनांना जुन्या भाष्यकारांचा आधार आहे. एका विरामावर एवढं काही अवलंबून असलेलं दुसरं वाक्य मला तरी आठवत नाही.

दुसरी पायरी: तीन प्रश्नांची सरमिसळ करू नका

पहिला प्रश्न संख्येचा: ईश्वर एकच कशावरून? इथे भांडण जवळजवळ नाहीच. सगळ्यांचा ठरलेला युक्तिवाद म्हणजे ‘तमानुअ’, परस्पर-अडवणूक. समजा दोन ईश्वर आहेत. एकाला वाटलं झैद नावाच्या कोणा माणसाने हलावं, दुसऱ्याला वाटलं त्याने स्थिर राहावं. दोघांची इच्छा एकदम पुरी होणं अशक्य. दोघांचीही पुरी झाली नाही तर दोघेही दुबळे. एकाचीच झाली तर दुसरा ईश्वरच नव्हे. आधाराला 21:22 ही आयत: आकाश-पृथ्वीत अल्लाहशिवाय आणखी ईश्वर असते तर दोन्हींची वाताहत झाली असती.

दुसरा प्रश्न झात आणि सिफातचा. झात म्हणजे त्याचं मूळ स्वरूप, सिफात म्हणजे त्याचे गुण. ज्ञान, सामर्थ्य, इच्छा हे त्या स्वरूपाहून वेगळं काही आहे का?

तिसरा प्रश्न भाषेचा. हात, चेहरा, अर्श हे शब्द शब्दशः घ्यायचे, त्यांचा अर्थ लावायचा, की अर्थ अल्लाहवर सोपवून गप्प बसायचं?

दुसरा आणि तिसरा प्रश्न वेगळे ठेवायचं कारण असं, की ‘अल्लाहला ज्ञान ही सिफत आहे’ असं ठासून सांगणारा अशअरी पंडित ‘हात’ या शब्दाचा अर्थ खुशाल लाक्षणिक लावतो. दोन्ही प्रश्न एकत्र केलेत तर तो तुम्हाला दुटप्पी वाटेल.

आज ज्यावर सगळ्यात जास्त आवाज चढतात तो चौथा प्रश्न वेगळाच आहे: उपासनेतली तौहीद. दर्ग्यावर जाणं, वसीला मागणं, म्हणजे मध्यस्थाकरवी मागणं, तौहीदला धरून आहे का? अरबस्तानातल्या नज्दमधले मुहम्मद इब्न अब्द अल-वहाब (1703–1792) यांचा भर यावर होता. आपल्या वाचनात तो बाजूला ठेवा, नाहीतर नवव्या शतकातल्या, इराकमधल्या बसऱ्याच्या वादात तुम्ही विसाव्या शतकातला वाद शोधत बसाल.

तिसरी पायरी: दोन भीती ओळखा

एकीकडे ‘तश्बीह’: ईश्वराला सृष्टीसारखा मानणं, त्याला माणसाच्या साच्यात बसवणं. दुसरीकडे ‘तअतील’: त्याचे गुण काढून घेत घेत शेवटी काहीच शिल्लक न ठेवणं, म्हणजे ज्याची प्रार्थना करावी असं कोणी उरूच नये. तश्बीहला घाबरणारे 42:11च्या पूर्वार्धाला धरून बसतात, तअतीलला घाबरणारे उत्तरार्धाला.

मराठी वाचकाला इथे सगुण-निर्गुणाची जोडी आठवणारच. जपून. मुअतझिलांनी सिफात नाकारल्या म्हणून त्यांचा अल्लाह निर्गुण ब्रह्मासारखा होत नाही. तो आज्ञा देतो, वचन देतो, हिशेब मागतो आणि शिक्षा करतो. मुअतझिलांच्या पाच तत्त्वांत पहिलं तौहीद आणि लगेच दुसरं ‘अद्ल’, न्याय. ते स्वतःला ‘अद्ल आणि तौहीदवाले’ म्हणवत. न्याय करणाऱ्याला निर्गुण म्हणता येत नाही. आणि सिफात मानणाऱ्यांचा ईश्वरही आपल्या सगुणासारखा रूप घेऊन विटेवर उभा राहत नाही.

चौथी पायरी: एकच सिफत घेऊन दारोदार फिरा

ही पायरी सगळ्यात उपयोगाची, म्हणून इथे वेळ घालवा. ‘ज्ञान’ ही एकच सिफत निवडा आणि प्रत्येक पंथाच्या दारात एकच प्रश्न घेऊन जा: अल्लाह जाणतो हे मान्य, मग ‘अल्लाहचं ज्ञान’ असं काही आहे का?

जहम इब्न सफवान (मृत्यू 746) सगळ्यात टोकाला. जे शब्द माणसाला लागतात ते ईश्वराला लावूच नयेत, असा त्याचा रोख. त्याचं स्वतःचं लिखाण उरलेलं नाही, पण ‘जहमी’ ही शिवी मात्र आजही जिवंत आहे.

मुअतझिलांची सुरुवात बसऱ्यात, वासिल इब्न अता (मृत्यू 748) यांच्यापासून धरतात. त्यांचा युक्तिवाद साधा पण अणकुचीदार. अल्लाह अनादी आहे. त्याचं ज्ञान त्याच्याहून वेगळं आणि तेही अनादी असेल, तर अनादी दोन झाले. सामर्थ्य धरा, तीन झाले. मग तीन अनादी मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तुम्ही कोणत्या तोंडाने नावं ठेवणार? त्यांच्यातल्याच अबुल हुझैलने तोडगा काढला: अल्लाह ज्ञानाने जाणतो, पण ते ज्ञान म्हणजे तोच. नझ्झामने नकाराची वाट धरली: ‘जाणणारा’ म्हणजे त्याच्या ठायी अज्ञान नाही, एवढंच. पुढे अबू हाशिमने (मृत्यू 933) ‘अहवाल’ काढले, म्हणजे धड अस्तित्वातही नाहीत आणि धड नास्तित्वातही नाहीत अशा अवस्था. या शेवटच्या कल्पनेची विरोधकांनी यथेच्छ टिंगल केली. तरी पुढे बाकिल्लानीसारख्या मातब्बर अशअरी विद्वानाला तिचा मोह पडलाच.

अबुल हसन अल-अशअरी (874–936) हे आधी मुअतझिलाच, त्या पंथाचे आचार्य जुब्बाई यांचे शिष्य. 912च्या सुमारास त्यांनी तो पक्ष सोडला आणि त्याच लोकांच्या तर्काची हत्यारं त्यांच्यावर उलटवली. अबुल हुझैलला त्यांचा टोला असा: ज्ञान म्हणजेच अल्लाह असेल, तर ‘हे अल्लाहच्या ज्ञाना, मला क्षमा कर’ अशी दुआ मागून दाखव! अशी दुआ कोणी मागत नाही, म्हणजे ज्ञान आणि जाणणारा यांत काही फरक तुम्हीही मानता. आयतही त्यांच्या हाताशी होती: 4:166, ‘त्याने ते आपल्या ज्ञानाने उतरवलं.’ ज्ञानाशिवाय जाणणारा ही त्यांच्या मते अर्थहीन बडबड.

मग अनादींच्या संख्येचं काय? उत्तर आलं एका सूत्रात, ज्याची पायाभरणी इब्न कुल्लाब या विद्वानाने आधीच केली होती: सिफात म्हणजे ‘तो नव्हे आणि त्याच्याहून वेगळंही नव्हे’. पहिल्यांदा वाचताना हे शब्दांचं जाळं वाटतं. ‘वेगळं’ याची त्यांची व्याख्या बघितली की गाठ सुटते. ज्या दोन गोष्टींतली एक दुसरीशिवाय असू शकते, त्या एकमेकींहून वेगळ्या. अल्लाहचं ज्ञान अल्लाहशिवाय असू शकत नाही, म्हणून ते वेगळं नाही. आणि ज्ञान म्हणजे सामर्थ्य नव्हे (दोन्ही झातच असती तर दोन्ही एकच झाली असती), म्हणून ते सरळसरळ झातही नाही. जुनी पाठ्यपुस्तकं उदाहरण देतात दहातल्या एकाचं: एक म्हणजे दहा नव्हे, पण दहाहून तुटलेलाही नव्हे. उदाहरण लंगडं आहे, कारण दहाला भाग असतात आणि अल्लाहला भाग मानणं कोणालाच परवडणारं नाही.

समरकंदचे अबू मन्सूर अल-मातुरीदी (मृत्यू 944) याच बाजूचे, पण त्यांच्या मते ‘तक्वीन’, घडवण्याची सिफत, ही सुद्धा अनादी आहे. घडलेली वस्तू नंतरची, घडवणं मात्र त्याच्या ठायी नेहमीचंच. अशअरी म्हणतात, सामर्थ्य अनादी आहे तेवढं पुरे. हा फरक बारीक आहे. पहिल्या वाचनात सोडून दिलात तरी चालेल.

तत्त्वज्ञांच्या दारात इब्न सीना (980–1037) भेटतो. त्याचा ईश्वर ‘वाजिबुल वुजूद’, ज्याचं असणं अटळ आहे असा, आणि पूर्णपणे निरवयव. ज्ञान हे स्वरूपच. पण तो म्हणतो, बदलणाऱ्या एकेका घटनेला ईश्वर ‘सार्वत्रिक पद्धतीने’ जाणतो. अशअरी परंपरेतल्या गझालीने 1095च्या आपल्या प्रसिद्ध खंडनात इथेच बोट ठेवलं आणि उदाहरण घेतलं ग्रहणाचं. ग्रहण लागायचं आहे, लागलं आहे, सुटलं आहे. या तीन अवस्थांचं आपलं ज्ञान तीन वेळा बदलतं. ज्याच्यात बदल होत नाही तो ‘आत्ता ग्रहण लागलं आहे’ हे कसं जाणणार? तत्त्वज्ञ म्हणतात, तो ग्रहण त्याच्या कारणांसकट जाणतो, पण ‘आत्ता’ ही भानगड त्याच्या ज्ञानात नाही. गझाली विचारतो, मग झैद आज नमाज पढला की नाही हे ज्या ईश्वराला कळत नाही तो हिशेब कसला घेणार? तत्त्वज्ञांच्या वीस मतांपैकी तीन मतं त्याने थेट कुफ्र, म्हणजे श्रद्धेचा इन्कार, ठरवली, त्यातलं हे एक. तत्त्वज्ञांच्या बाजूने इब्न रुश्दचं (1126–1198) उत्तर मला नेहमीच जास्त खोल वाटत आलं आहे: आपलं ज्ञान वस्तूंमुळे उपजतं, ईश्वराच्या ज्ञानामुळे वस्तू उपजतात, तेव्हा ‘सार्वत्रिक की एकेका घटनेचं’ हा प्रश्नच माणसाच्या ज्ञानापुरता.

शिया परंपरेत दोन दारं आहेत. इमामी, म्हणजे बारा इमाम मानणारे विद्वान, उदाहरणार्थ शैख मुफीद (मृत्यू 1022), सिफात झातशी एकरूप मानतात. हजरत अलींच्या ‘नहजुल बलागा’तल्या पहिल्याच प्रवचनात असं वाक्य आहे की निखळ निष्ठेची पूर्णता म्हणजे त्याच्यापासून सिफात नाकारणं. दुसऱ्या शाखेचे, इस्माईली विद्वान आणखी पुढे जातात. त्यांच्यातल्या सिजिस्तानीची दुहेरी नकाराची पद्धत अशी: तो ‘वस्तू’ नाही, आणि ‘वस्तू नाही’ असंही नाही. पहिला नकार तश्बीह टाळायला, दुसरा तअतील.

पाचवी पायरी: हात आणि अर्श

आता तिसरा प्रश्न. इथेही एकच शब्द घ्या: इस्तिवा. मुअतझिला त्याचा अर्थ ‘सत्ता गाजवणं’ असा लावत आणि एका जुन्या अरबी कवितेचा दाखला देत: बिश्रने तलवारीविना, रक्त न सांडता इराकवर ‘इस्तिवा’ केला. विरोधकांची हरकत अशी की सत्ता मिळवली म्हणजे आधी ती नव्हती असं होतं. अल्लाहची सत्ता अर्शवर कधी नव्हती? शिवाय ती कविता तरी कितपत भरवशाची?

हाताबद्दलही तेच. हात म्हणजे सामर्थ्य म्हणावं तर 38:75 मध्ये हात दोन आहेत, मग सामर्थ्यं दोन का? आणि इब्लीसही अल्लाहच्या सामर्थ्यानेच घडला. मग ‘माझ्या दोन हातांनी घडवलेला’ यात आदमचा मान तो काय राहिला? हा युक्तिवाद खुद्द अशअरींचा आहे. आणि त्यांच्याच नावाच्या परंपरेत पुढे जुवैनी (1028–1085) आणि फख्रुद्दीन राझी (मृत्यू 1210) यांनी लाक्षणिक अर्थाची वाट मोकळी केली. त्यातही जुवैनींनी उतारवयातल्या लिखाणात अर्थ अल्लाहवर सोपवणं पसंत केलं. म्हणून ‘अशअरी असं मानतात’ असं वाक्य दिसलं की कोणत्या शतकातले, असं विचारायची सवय लावून घ्या.

चार वाटा लक्षात ठेवा. ‘तअवील’, लाक्षणिक अर्थ लावणं. ‘तफवीझ’, शब्द मान्य करून अर्थ अल्लाहवर सोपवणं. ‘इस्बात’, शब्दाचा अर्थ मान्य करणं पण ‘कसं’ हे न विचारणं. आणि ‘तज्सीम’, सरळ देह मानणं, ज्याचा आरोप खुरासानच्या कर्रामियांवर होत असे.

मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू 795) यांना कोणीतरी इस्तिवा कसा, असं विचारलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा: इस्तिवा माहीत आहे, कसा ते बुद्धीच्या पलीकडे आहे, त्यावर ईमान ठेवणं आवश्यक आणि त्याविषयी विचारणं बिदअत, म्हणजे धर्मात घुसवलेली नवी गोष्ट. गंमत म्हणजे तफवीझवाले आणि इस्बातवाले दोघेही हेच वाक्य आपल्या बाजूने देतात. ‘माहीत आहे’ म्हणजे शब्द कुराणात आलाय हे माहीत, की त्याचा अर्थ माहीत? सगळा तंटा तिथे.

दमास्कसचे इब्न तैमिया (1263–1328) इस्बातचे सगळ्यात ताकदीचे वकील. त्यांचं सूत्र: एका सिफतबद्दल जे बोलाल तेच दुसरीबद्दल बोला. ज्ञान आणि इच्छा माणसालाही असतात, तरी अल्लाहला त्या तश्बीह न होता लावता. मग हातावर आलात की एकदम लक्षणा का आठवते? अशअरींच्या बाजूने याला उत्तर आहे: ज्ञानाच्या कल्पनेत अवयव येत नाही, हाताच्या कल्पनेत येतो. दोन्ही बाजू मांडून ठेवा आणि पुढे चला. या मतांपायी 1306 मध्ये दमास्कसमध्ये त्यांची चौकशी झाली आणि नंतर कैरोत त्यांना कैद झाली.

सहावी पायरी: 833चा बगदाद पाहा

शास्त्रार्थ आणि सत्ता यांची गाठ कशी पडते ते पाहायला हा एक प्रसंग पुरेसा आहे. बोलणं ही सिफत अनादी की नाही, यावरून प्रश्न निघाला: कुराण निर्माण केलेलं की अनादी? मुअतझिलांच्या मते निर्माण केलेलं. खलिफा मामूनने 833 मध्ये काझी आणि विद्वानांची यावर सक्तीची तपासणी सुरू केली, तिचं नाव मिहना. त्याने बगदादच्या सुभेदाराला, इसहाक इब्न इब्राहीमला, पत्रं पाठवली. त्यातला एक मुद्दा ओळखीचा वाटेल: कुराण अनिर्मित म्हणणारे त्या ख्रिस्ती लोकांसारखे, जे ईसाला, म्हणजे येशूला, अल्लाहचा शब्द म्हणून अनिर्मित मानतात.

इतिहासकार तबरीने या तपासणीचे सवाल-जवाब नोंदवून ठेवले आहेत. अहमद इब्न हंबल (780–855) यांना विचारलं, कुराणाबद्दल काय म्हणता? ते म्हणाले, अल्लाहचं बोलणं आहे. निर्मित आहे का? अल्लाहचं बोलणं आहे, यापुढे मी काही जोडत नाही. मग समोरच्या कागदावरचं ‘त्याच्यासारखं काहीच नाही’ वाचून झालं, तेव्हा अहमदनी पुढचा अर्धा भाग म्हटला, ‘आणि तो ऐकणारा, पाहणारा आहे.’ जमलेल्यांतला एक जण लगेच ओरडला की हा कानाने ऐकणारा, डोळ्याने पाहणारा म्हणतोय. इसहाकने विचारलं, अर्थ काय याचा? उत्तर: त्याने स्वतःचं जसं वर्णन केलं तसा तो आहे. पण अर्थ काय? मला माहीत नाही. त्याने वर्णन केलं तसा. पहिल्या पायरीवर रेघ मारलेली आयत इथे चौकशीच्या खोलीत, अर्धी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला, अशी वाटली गेली होती.

अहमदना बेड्या घालून मामूनकडे रवाना केलं, पण वाटेतच मामून वारल्याची खबर आली. पुढचा खलिफा मुअतसिम याच्या कारकिर्दीत त्यांना फटके खावे लागले. त्याच्यानंतरच्या वासिकच्या काळात तर 845 मध्ये बायझंटाईनांकडून कैदी सोडवून आणताना ‘कुराण निर्मित आहे’ असं कबूल करणाऱ्यांनाच सोडवायचं, इथवर मजल गेली. नंतरचा खलिफा मुतवक्किल याने हा प्रकार बंद केला. तेव्हा ‘मुअतझिला म्हणजे उदारमतवादी आणि हंबली (अहमद इब्न हंबल यांचे अनुयायी) म्हणजे कर्मठ’ ही जी तयार विभागणी लोकप्रिय लेखांतून फिरते, तिला या प्रसंगासमोर उभं करून बघा.

अशअरींनी पुढे तडजोड काढली: अल्लाहच्या ठायी असलेलं ‘कलाम नफ्सी’, म्हणजे अक्षराविना असलेला आशय, अनादी, पण अक्षरं, उच्चार, शाई निर्मित. हंबलींना ती मुअतझिलांना मागच्या दाराने आत घेतल्यासारखी वाटली.

सातवी पायरी: आरोप आणि मत वेगळं करा

मुशब्बिहा (तश्बीह करणारे), मुअत्तिला (तअतील करणारे), हशविया (अडाणी शब्दनिष्ठ), जहमी. ही नावं कोणी स्वतःला लावून घेतलेली नाहीत. मुअतझिलांची मतं कित्येक शतकं मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लिखाणातूनच माहीत होती. काझी अब्दुल जब्बार (मृत्यू 1025) यांचा प्रचंड ग्रंथ ‘अल-मुग्नी’ येमेनमधल्या झैदी ग्रंथसंग्रहांतून 1950च्या दशकात हाती लागला, तेव्हा कुठे त्यांना त्यांच्या शब्दांत वाचता आलं.

प्रवासी इब्न बतूताची गोष्ट तर ताडून पाहण्याचा उत्तम सराव आहे. तो लिहितो, दमास्कसच्या मशिदीत इब्न तैमिया मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या आसनावरून, एक पायरी उतरून म्हणाले, मी जसा उतरलो तसा अल्लाह खालच्या आकाशात उतरतो. तश्बीहचा याहून ठळक पुरावा कोणता? पण इब्न बतूता दमास्कसला पोचला ऑगस्ट 1326 मध्ये आणि इब्न तैमिया जुलैपासूनच किल्ल्यात कैदेत होते. दृश्य आजही चर्चांमधून पुराव्यादाखल फेकलं जातं.

आठवी पायरी: आपल्या जवळचे धागे

उपखंडातल्या दर्स-ए-निझामी हा पारंपरिक अभ्यासक्रम शिकवणाऱ्या मदरशांमध्ये नसफीच्या श्रद्धासूत्रांवरचं तफ्ताझानीचं (मृत्यू 1390) भाष्य पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. ‘तो नव्हे आणि वेगळंही नव्हे’ हे सूत्र त्यातच भेटतं. धर्मशास्त्रात हनफी असलेली मंडळी परंपरेने मातुरीदी, कोकणातली शाफई मंडळी अशअरी.

माहीमच्या दर्ग्यावरून रोज हजारो मुंबईकर जातात. तिथले मखदूम अली माहिमी (मृत्यू 1431) अरबीत कुराणाचं भाष्य लिहिणारे विद्वान होते आणि सूफी विचारवंत इब्न अरबीच्या (1165–1240) वहदतुल वुजूदचे, अस्तित्व एकच आहे या विचाराचे, पुरस्कर्ते. म्हणजे तौहीदचा अर्थ ‘ईश्वर एक’ इथून ‘खरं अस्तित्वच एक’ इथपर्यंत नेणारा प्रवाह पंधराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर होता. सूफी विद्वान सरहिंदी यांनी (1564–1624) त्याला वहदतुल शुहूदने उत्तर दिलं: एकत्व अनुभवाला येतं, ते अस्तित्वाचं नव्हे. दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी (1703–1762) दोहोंत शब्दांपलीकडे फार अंतर नाही असं दाखवायचा प्रयत्न केला. मुंबईतला दाऊदी बोहरा समाज ज्या तय्यिबी, म्हणजे इस्माईलींच्याच एका शाखेच्या परंपरेचा, तिच्या अभ्यासात वर आलेल्या दुहेरी नकाराच्या पठडीतला किरमानी मानाचा ग्रंथकार आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या दिल्लीत सामर्थ्य या सिफतवरून जुंपली. शाह इस्माईल देहलवींनी लिहिलं की अल्लाहने ठरवलं तर एका क्षणात मुहम्मदांसारखे कोट्यवधी निर्माण करील. फज्ले हक खैराबादी म्हणाले, ते शेवटचे पैगंबर आहेत असं वचन असताना दुसरा होणं अशक्य, आणि अशक्य गोष्ट सामर्थ्याच्या कक्षेत येतच नाही. त्यांनी गालिबला यावर फारसी मसनवी, म्हणजे दीर्घ कविता, लिहायला लावली. गालिबचे चरित्रकार हाली यांनी सांगितलेली हकीकत अशी, की गालिबने आधी पळवाट काढली: विश्वं अनेक असतील तर प्रत्येकाचा शेवटचा पैगंबर वेगळा. फज्ले हकना ते रुचलं नाही, तेव्हा गालिबने ओळी वाढवल्या.

नववी पायरी: स्वतः करून पाहा

आता अशअरी विद्वान सनूसीची (मृत्यू 1490) वीस सिफातची यादी मिळवा. उत्तर आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत मुलांना ती तोंडपाठ करायला लावत. एक ‘अस्तित्व’, पाच नकाराच्या, म्हणजे अनादी, अनंत, निर्मितांहून भिन्न, स्वयंपूर्ण, एक. मग सात: सामर्थ्य, इच्छा, ज्ञान, जीवन, श्रवण, दर्शन, बोलणं. आणि त्याच सातांची ‘समर्थ असणं, इच्छुक असणं’ अशी सात रूपं. शेवटचे सात पाहून काही आठवलं का? अबू हाशिमच्या त्या टिंगल झालेल्या ‘अवस्था’च तिथे येऊन बसल्या आहेत.

मग आजच्या वादविवादाचा एखादा व्हिडिओ लावा आणि वहीत तीनच गोष्टी टिपा. वक्ता तीनपैकी कोणत्या प्रश्नावर बोलतोय? कुठल्या भीतीपोटी? समोरच्याचं मत तो त्याच्या शब्दांत सांगतोय की स्वतःच्या? बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच प्रश्न बदललेला सापडेल.

आणि हे सगळं जुनंपुराणं वाटलं तर मुहम्मद अब्दुह (1849–1905) यांची ‘रिसालतुत तौहीद’ काढा. इजिप्तमधल्या या सुधारकाने 1897च्या पहिल्या आवृत्तीत कुराण निर्मित असल्याच्या बाजूने मजकूर घातला होता. पुढच्या आवृत्तीत तो गाळला गेला. ज्यांना दोन्ही आवृत्त्या मिळतील त्यांनी बोलण्याच्या सिफतवरचं प्रकरण समोरासमोर ठेवून वाचावं.